शेपू की बडीशेप? चामर कुलाच्या अभ्यासाची प्रस्तावना

शेपू आणि बडीशेप यांची फुलावर न आलेली कोवळी रोपे शेजारी शेजारी ठेवली, तर वनस्पतिशास्त्राचा पदवीधरही चटकन उत्तर देत नाही. दोन्हींची पाने दोऱ्यासारख्या बारीक खंडांत चिरलेली, दोन्हींवर निळसर हिरवी झाक, दोन्हींच्या पानांचा तळ खोडाला वेढून बसलेला. पुढे फुले येतात तीही दोन्हींकडे पिवळीच, आणि फुलोरा एकाच घडणीचा. महाराष्ट्राच्या मंडईत हा घोटाळा होत नाही, कारण शेपू आपल्याकडे जुडीने येतो आणि बडीशेप वाळलेल्या दाण्यांच्या रूपात. त्यामुळे एकीचा पाला आपल्या ओळखीचा आणि दुसरीचे फळ. बडीशेपेचे हिरवे रोप बहुतेकांनी पाहिलेले नसते, आणि वाण्याकडे मिळणाऱ्या बाळंतशेपा म्हणजे शेपूचीच फळे, हे शेपूची भाजी नेहमी निवडणाऱ्या घरांतही सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

ही दोन रोपे वेगळी कशी ओळखायची, या साध्या प्रश्नापासून हे पुस्तक सुरू होते. ते ज्या कुलाविषयी आहे त्याला मराठी वनस्पतिशास्त्रात चामर कुल म्हणतात. अंबेलिफेरी हे त्याचे जुने शास्त्रीय नाव, एपिएसी हे आज अधिक रूढ असलेले. धणे, जिरे, शहाजिरे, ओवा, अजमोदा, हिंग, गाजर आणि ओलसर जागी पसरणारा कारिवणा ही सारी याच कुलातली. जगभरात या कुलाच्या चारशेहून अधिक प्रजाती आणि साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या मसाल्याच्या डब्यावर इतका हक्क सांगणारे दुसरे कुल नाही. तरीही मराठीत त्याच्याविषयी सलग लेखन फार थोडे झाले आहे. ज्यांना ही झाडे पानातून आणि ताटातून ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी त्यांच्या शास्त्राचा दरवाजा उघडावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कुल ओळखणे सोपे आहे. फुलोऱ्याचा मुख्य दांडा जिथे संपतो तिथून छत्रीच्या काड्यांसारखे अनेक देठ फुटतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा तशीच एक छोटी छत्री असते. याला संयुक्त चामरकल्प फुलोरा म्हणतात. फुले बारीक, पाच पाकळ्यांची, पाच केसरांची. किंजपुट पाकळ्यांच्या खाली, त्याचे दोन कप्पे. केसर आधी पिकतात आणि कुक्षी नंतर, त्यामुळे एका फुलाचे परागकण त्याच फुलाच्या कुक्षीवर पडण्याचा संभव कमी होतो. फुले उघडी आणि मध वरच असल्याने माश्या, गांधीलमाश्या, मधमाश्या, भुंगेरे असे नाना प्रकारचे कीटक त्यांवर येतात. गाजराचा फुललेला वाफा किंवा कोथिंबिरीची डोंगळ्यावर आलेली जुडी ज्याने पाहिली आहे, त्याने हे कुल पाहिले आहे.

अवघड भाग इथून पुढे सुरू होतो. फुले इतकी सारखी की त्यांवरून जाती वेगळ्या करता येत नाहीत. पाने इतकी बदलती की एकाच रोपावर तळाचे पान आणि शेंड्याचे पान परके वाटावे. मग आधार कशाचा? याचे उत्तर रॉबर्ट मॉरिसनने 1672 मध्ये दिले. ऑक्सफर्डमधला वनस्पतिशास्त्राचा हा पहिला प्राध्यापक. चामर कुलातील वनस्पतींची नवी मांडणी करणारा त्याचा लॅटिन ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. वनस्पतींच्या एकाच गटाचा पद्धतशीर अभ्यास म्हणून लिहिलेला तो पहिला ग्रंथ मानला जातो. मॉरिसनने पाला बाजूला ठेवला आणि फळे हाती घेतली. आज साडेतीनशे वर्षांनंतरही या कुलाच्या अभ्यासकाला पहिला धडा तोच दिला जातो: फळ पाहा.

म्हणून आपणही फळापाशीच थांबू या. वाण्याकडून मूठभर बाळंतशेपा आणि मूठभर बडीशेप आणा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. आपण ज्याला बी किंवा दाणा म्हणतो ते या कुलात संपूर्ण फळ असते, किंवा फळाचा अर्धा भाग. फळ पिकले की ते उभे दुभंगते आणि दोन फलांश होतात. मधल्या बारीक, टोकाशी दुभागलेल्या काडीवर ते काही काळ लोंबत राहतात. प्रत्येक फलांशावर पाच कंगोरे असतात. कंगोऱ्यांमधल्या पन्हळींत, सालीच्या आत, तेलाच्या बारीक नळ्या असतात. आपल्याला येणारा वास या नळ्यांतला.

आता फरक पाहा. बडीशेपेचा फलांश लांबट, भरीव, जवळजवळ गोलाईचा. त्याचे पाचही कंगोरे ठसठशीत आणि साधारण सारख्या उंचीचे. आडवा काप घेतला तर पंचकोनासारखी आकृती दिसते. शेपूचा फलांश पाठीकडून दाबल्यासारखा चपटा. पाठीवरचे तीन कंगोरे दोऱ्याइतके बारीक आणि कडेचे दोन पसरून फिक्या रंगाचा पातळ पंख झालेला. तपकिरी दाण्याभोवती पिवळसर कड दिसली की ती बाळंतशेप. लांबीवर विसंबू नका. शेपूचे फळ साधारण तीन ते पाच मिलिमीटर असते, तर बडीशेपेचे चार ते दहा, त्यामुळे लखनवी बारीक बडीशेप आणि टपोरी बाळंतशेप लांबीत एकमेकींना गाठतात. विसंबावे ते चपटेपणावर आणि पंखावर. तेलनळ्यांची संख्या मात्र दोन्हींत सारखीच: पाठीकडे चार आणि दोन फलांश जिथे जुळतात त्या सपाट बाजूला दोन. फरक इतका उघड असताना आतली रचना इतकी जुळावी, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

फळ हाती नसेल तर इतर खुणा आहेत, पण त्या कमी भरवशाच्या. शेपू वर्षायू. बारीक सोटमूळ, बहुधा एकच खोड, ते पोकळ, उंची सहसा कंबरेपर्यंत. बडीशेप मुळात बहुवर्षायू आहे, आपण ती एका हंगामाचे पीक म्हणून घेतो. तिचे मूळ जाड, बुडापासून अनेक खोडे, उंची माणसाइतकी किंवा त्याहून जास्त. कोवळे खोड भरीव असते, पण जून झाल्यावर तेही पोकळ होते, म्हणून खोड कापून निर्णय देणाऱ्याने रोपाचे वय आधी पाहावे. पानाच्या तळाचे आवरक शेपूत आखूड, बडीशेपेत लांब आणि रुंद. इटलीत फ्लॉरेन्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बडीशेपेच्या प्रकारात हीच आवरके फुगून पांढरा गड्डा बनतो आणि तो भाजी म्हणून खातात. गड्डा दिसला की प्रश्नच मिटतो. दोन्ही रोपांत मोठ्या चामराखाली किंवा लहान चामराखाली छदे नसतात. म्हणजे या कुलातील इतर कित्येक जाती ओळखायला जी खूण फार कामाची, ती इथे उपयोगाची नाही.

एवढे पाहिले की प्रश्न उरतो तो नात्याचा. इतकी सारखी पाने आणि इतकी वेगळी फळे असलेल्या या दोन वनस्पती जवळच्या की दूरच्या? या प्रश्नाचा इतिहास मला या साऱ्या अभ्यासातला सर्वांत रंजक भाग वाटतो. 1753 मध्ये लिनीयसने दोघींना एकाच प्रजातीत ठेवले. शेपू त्याच्यासाठी ॲनेथम ग्रॅव्हिओलेन्स होता आणि बडीशेप ॲनेथम फीनिक्युलम. लंडनच्या चेल्सी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याला हे पटले नाही. त्याने 1768 मध्ये बडीशेपेला वेगळी प्रजाती देऊन फीनिक्युलम व्हल्गेर हे नाव दिले, आणि आजही तेच मान्य आहे. एकोणिसाव्या शतकात फळाच्या आकाराला सर्वोच्च मान मिळाला. चपट्या, पंख असलेल्या फळांच्या वनस्पती एका गटात गेल्या आणि शेपूही त्यांच्यामागे गेला. काहींनी तर त्याचे स्वतंत्र प्रजातीपणही काढून घेतले आणि तो प्यूसिडॅनम ग्रॅव्हिओलेन्स झाला. भारतातल्या जुन्या वनस्पतिसूचींत आणि औषधिग्रंथांत शेपू याच नावाने सापडतो. ते नाव वाचून ही कोणती निराळी वनस्पती, असे कोणी समजू नये. बडीशेप मात्र गोल फळांच्या गटात राहिली. अशा रीतीने एकेकाळच्या बहिणी कुलाच्या दोन टोकांना जाऊन बसल्या.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएचे पुरावे आले आणि चित्र पुन्हा बदलले. अजमोदा, पार्सली, शेपू आणि बडीशेप ही सारी एकाच छोट्या गटात, एकमेकांच्या अगदी जवळ येऊन बसली. चपटे फळ आणि पंख ही वाऱ्यावर पसरण्याची सोय आहे, आणि या कुलात ती वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उद्भवलेली आहे. म्हणून फळ ओळखीसाठी उत्तम पुरावा आहे, नात्यासाठी नाही. या दोन गोष्टींत फरक करणे हेच या क्षेत्रातले खरे शिक्षण आहे असे माझे मत आहे, आणि शेपू-बडीशेपेइतके स्वच्छ उदाहरण त्यासाठी दुसरे नाही. लिनीयसचा निष्कर्ष नात्याच्या बाबतीत पुष्कळ अंशी बरोबर ठरला. मिलरचा ओळखीच्या बाबतीत.

वासाचा पुरावा आणखी निराळा. बडीशेपेच्या तेलात मुख्य घटक ॲनेथोल. गोडवा त्याचा. त्याच्या जोडीला फेंचोन असते. ते वाढले की दाणा कडवट, कापरासारखा लागतो. युरोपीय औषधसंहितेत गोड आणि कडू बडीशेप या दोन वेगळ्या नोंदी आहेत: गोड बडीशेपेच्या तेलात किमान 80 टक्के ॲनेथोल हवे, तर कडू बडीशेपेच्या तेलात किमान 60 टक्के ॲनेथोल आणि किमान 15 टक्के फेंचोन. शेपूच्या फळात मुख्य घटक कार्व्होन आणि त्याच्यासोबत लिमोनीन. पाल्याचा वास पुन्हा वेगळा, त्यात फेलँड्रीन आणि शेपूच्याच नावाने ओळखले जाणारे एक ईथर असते. म्हणून शेपूची भाजी आणि बाळंतशेप यांचा वास एक नाही, हे नाकाला जे कळते ते रसायनशास्त्रही सांगते.

कार्व्होनची आणखी एक गोष्ट नवख्या विद्यार्थ्याने जरूर समजून घ्यावी. या रेणूची दोन रूपे आहेत, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. एक शेपूत आणि युरोपीय कॅरवेत आढळते, दुसरे स्पिअरमिंट या पुदिन्यात. अणू तेच, जोडणी तीच, फक्त मांडणी उजवी-डावी, आणि वास सर्वस्वी भिन्न. 1971 मध्ये शुद्ध नमुन्यांवर केलेल्या कामाने हे निर्विवाद ठरवले. आपल्या नाकातील ग्राहके रेणूचा उजवा-डावा ओळखतात, याचा तो महत्त्वाचा पुरावा मानला गेला. दुसरीकडे ॲनेथोल आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलातही भरपूर असते, आणि चक्रीफूल चामर कुलाच्या आसपासचेही नाही. समान वास म्हणजे समान वंश नव्हे. जिभेने आणि नाकाने ओळख सुरू करावी, निर्णय मात्र डोळ्यांवर सोपवावा.

भारतीय शेपूचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा. विल्यम रॉक्सबर्गने त्याला ॲनेथम सोवा असे वेगळे नाव दिले होते. त्याची फळे युरोपीय शेपूपेक्षा अरुंद, अधिक फुगीर आणि पंख कमी रुंद, शिवाय तेलात डिलॅपिओल नावाचा जड घटक असतो. आज पुष्कळ तज्ज्ञ दोन्हींना एकाच जातीत गणतात. मलाही ते योग्य वाटते, कारण फळाच्या आकाराचा फरक अखंड चढउताराचा आहे, तुटक नाही. पण औषधी तेलाच्या दृष्टीने भेद महत्त्वाचा आहे आणि तो नावात नसला तरी नोंदीत राहायला हवा. भारतातील मसाला-बियांच्या पिकांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र अजमेरजवळ आहे. तिथे विकसित झालेल्या शेपूच्या वाणांत युरोपीय आणि भारतीय असे दोन्ही प्रकार वेगळे राखले आहेत, हे शहाणपणाचेच.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे, कारण ओळखीचा प्रश्न सर्वांत जास्त त्यांना सोसावा लागतो. शतपुष्पा म्हणजे शेपू आणि मिश्रेया म्हणजे बडीशेप, ही आजची सर्वसाधारण मान्य विभागणी. पण भावप्रकाश निघंटूत या दोघी लागोपाठ येतात आणि मधुरा, मिसि ही पर्यायनावे दोन्हींकडे दिसतात. जुन्या पाठांतून द्रव्य निश्चित करताना नुसत्या नावावर जाता येत नाही, गुणवर्णन आणि परंपरेतला वापर यांची जोड द्यावी लागते. काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी यांवर एक स्वतंत्र कल्पाध्याय आहे. स्त्रिया आणि बालके यांच्या चिकित्सेचा हा ग्रंथ. महाराष्ट्रात बाळंतिणीला ओव्याबरोबर बाळंतशेपा देतात, तिच्या आणि बाळाच्या धुरीतही त्या घालतात, तेव्हा या दोन धाग्यांचे नाते तपासण्याजोगे आहे. बाळाच्या पोटदुखीवर शेपूचे तेल ही समजूत केवळ इथली नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने 1851 मध्ये तयार केलेल्या ग्राइप वॉटरमध्येही शेपूचे तेल होते. या उपायांनी नेमके काय घडते, हा वैद्यकशास्त्राचा विषय. आपले काम त्याआधीचे, म्हणजे पुडीत जे आहे ते नक्की कोणते फळ हे सांगण्याचे.

शेतीचा भाग या पुस्तकात थोडकाच आहे. बडीशेपेचे मोठे क्षेत्र गुजरात आणि राजस्थानात, आणि मेहसाणा जिल्ह्यातील ऊंझ्याची बाजारपेठ जिरे आणि बडीशेप यांसाठी देशभर ठाऊक. एकाच रोपावरची चामरे एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून चांगल्या प्रतीसाठी ती पाळीपाळीने हाताने खुडतात आणि हिरवा रंग टिकावा म्हणून सावलीत वाळवतात. तुमच्या वाटीतली हिरवीगार बडीशेप म्हणजे पूर्ण पिकण्याआधी खुडलेले फळ. अभ्यासासाठी मात्र पिकलेले फळ घ्यावे, कंगोरे त्यातच स्पष्ट दिसतात.

लागवडीतल्या जातींवर थांबलात तर अर्धेच कुल पाहिले असे होईल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर पांढऱ्या चामरांचे ताटवे उभे राहतात, ती पंद. डॅल्झेलने तिचे पहिले वर्णन हेराक्लियम या प्रजातीत केले. पुढे पी. के. मुखर्जी आणि लिंकन कॉन्स्टन्स यांनी 1986 मध्ये तिच्यासाठी पिंडा ही स्वतंत्र प्रजाती स्थापली. ही प्रजाती फक्त पश्चिम घाटात आढळते, जगात इतरत्र नाही. याच दोघांचा भारतातील चामर कुलावरचा ग्रंथ 1993 मध्ये आला आणि आजही गंभीर अभ्यासकाने त्यापासूनच सुरुवात करावी. ज्या प्रदेशाला स्वतःची अशी एक प्रजाती लाभली आहे, त्या प्रदेशाच्या भाषेत या कुलाचा अभ्यास रुजायलाच हवा.

सुरुवात कशी करावी, हे नव्या वाचकांकडून नेहमी विचारले जाते. थंडीच्या सुरुवातीला एका कुंडीत बाळंतशेपा आणि दुसरीत बडीशेप पेरा. दाणे औषध लावलेले किंवा भाजलेले नसावेत. शेपू लवकर फुलावर येईल, बडीशेप बराच वेळ घेईल आणि कुंडी अपुरी पडेल. पहिल्या पानापासून पिकल्या फळापर्यंत दर आठवड्याला दोन्हींचे एकेक पान कागदात दाबून ठेवा आणि शेजारी तारीख लिहा. हंगाम संपेपर्यंत तुमच्याजवळ जो संच होईल तो कोणत्याही पुस्तकातल्या चित्रांपेक्षा अधिक शिकवेल. मग धणे, जिरे आणि ओवा यांची फळे भिंगाखाली घ्या आणि त्यांना या दोघींच्या शेजारी मांडून पाहा. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लिहिली आहेत.

परदेशी राहणाऱ्या वाचकांना एक आग्रहाची सूचना. कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला आणि ओसाड जमिनीवर बडीशेप रानटी माजलेली दिसते. तिथल्या सांता क्रूझ बेटावर गुरे-मेंढ्या काढून घेतल्यानंतर तिने मोठे क्षेत्र व्यापले. ती पाहून घरच्या शेपूची आठवण येणे स्वाभाविक आहे. पण त्याच रस्त्यांवर, आणि ब्रिटनमध्येही, कोनियम मॅक्युलेटम हे हेमलॉक उगवते. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसला दिलेले विष हेमलॉकचे, हे प्रसिद्धच आहे. त्यातील कोनीन श्वसनाचे स्नायू लुळे करते. त्याचे खोड गुळगुळीत आणि जांभळट डागांचे, फुले पांढरी, पानांचे खंड दोऱ्यासारखे नव्हे तर नेच्याच्या पानासारखे चपटे, आणि चुरडल्यावर येणारा वास नकोसा, उंदरासारखा. कोवळ्या रोपावर डाग फिके असू शकतात आणि फुले तर नसतातच. म्हणून या कुलातील कोणतेही रानटी रोप, फूल आणि फळ पाहून ओळख पक्की झाल्याशिवाय, तोंडात घालू नका. मुलांनाही हे आधी शिकवा.